मला बघून उसात शिरलेली पोर

"थोरली कुठंय?" हा प्रश्न मी नगरला उतरल्यापासून दोघांना विचारला आणि दोघांनीही मला चहा पाजला.

थोरली आणि धाकटी या दोघी बहिणी. आईबाप पाथर्डी तालुक्यातल्या एका कोरड्या वाडीवरचे. दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचं आणि उन्हाळा लागला की परत यायचं, हे त्यांचं वर्ष. पोरी मागं राहिल्या तर शाळा होते, बरोबर नेल्या तर बुडते. म्हणून आम्ही तिघांनी, कॉलेज संपल्या संपल्या, तिसगावजवळ एक भाड्याचं घर घेऊन अशा पोरांसाठी वसतिगृह काढलं. माझी मैत्रीण ते सांभाळते. मित्र जीप चालवतो. भाडं नसेल तेव्हा धान्य, गॅस, आजारी पोरं, सगळं त्याच्या जीपमधून. माझ्याकडं पत्रकं होती. शिक्षण ही भीक नाही, हक्क आहे, असं मोठ्या अक्षरात छापून मी नगरच्या एसटी स्टँडवर वाटायचे.

मग मी शिकायला इंग्लंडला गेले आणि तिथून दर महिन्याला या दोघी बहिणींचा खर्च पाठवायला लागले. म्हणजे ज्या गोष्टीविरुद्ध बोंबलत होते तीच. कुणीतरी लांबून उदार व्हायचं, आणि पोरांनी त्याचे आभार मानायचे. याला 'शैक्षणिक पालक' असं नाव आहे. मला ते नाव ऐकलं की चीड येते. ज्यांच्या घामावर कारखान्यांचे बॉयलर पेटतात त्यांच्या पोरांना शिकवायला कुणाचं मन मोठं का असावं लागतं? पण चीड येते म्हणून पोरींना घरी पाठवता येत नाही. पाठवत राहिले.

व्हिडिओ कॉलवर दोघी दिसायच्या. थोरली जेमतेम बोलायची. वही कॅमेऱ्याला इतकी चिकटवायची की अक्षरच दिसायचं नाही. दिवाळीनंतर नुसती धाकटी दिसायला लागली. ताई अंघोळीला गेलीय. ताई दळण आणायला गेलीय. ताई झोपलीय. मी थंडीत, हीटरशेजारी बसून हे ऐकत होते आणि प्रत्येक वेळी 'बरं' म्हणत होते.

दोन वर्षांनी सुट्टी मिळाली. जानेवारीत आले. मित्र नगरला घ्यायला आला होता. जाड झालाय. "काय पुढारीण," म्हणाला, "तिकडं मोर्चे काढतेस का नुसती भांडी घासतेस?" तिसगाव येईपर्यंत हसवत होता, आणि थोरलीचं विचारलं की गाडीचा आवाज काढून दाखवत होता. "ऐक, ऐक, बेअरिंग गेलंय."

वसतिगृहात पोरं ओळीनं उभी. स्वागतगीत. भिंतीवर माझा फोटो लावलेला, जाड कोटातला, खाली 'आपल्या ताई'. मी मैत्रिणीला म्हटलं, हे आधी काढ. ती म्हणाली, "काढते. आधी चहा घे."

धाकटी पुढं आली. आठ-नऊ वर्षांची, केसांना चपचपीत तेल. मी विचारलं, "ताई कुठंय गं?" तिनं माझ्याकडं बघितलं नाही, मैत्रिणीकडं बघितलं. मग म्हणाली, "झोपलीय."

भर दुपार. समोर सगळ्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली. कारण लहान पोर खोटं बोलत होती आणि ते तिला पाठ होतं.

मैत्रिणीनं तिला बाहेर पाठवलं. मी दार लावून विचारलं, "लग्न लावलं का तिचं?" थोरली तेराची. आमच्याकडं आधी हाच प्रश्न येतो. तोडीला नवराबायकोची जोडी लागते. पोरगी जरा उंच झाली की लोक तिच्याकडं अर्धी जोडी म्हणून बघायला लागतात.

"न्हाई," मैत्रीण म्हणाली. "अजून न्हाई."

"अजून म्हणजे?"

"ओरडू नकोस. श्रीगोंद्याकडं गेलीय, टोळीवर. तिच्या आईला मागच्या वर्षी मुलगा झाला ना. त्याला आजी बघायची. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, ते चिघळलं. मग बाळाला कोण? हिला नेलं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय केलं असतंस? तिथून पत्रक काढलं असतंस. 'दिवाळीत एक पोर उचलून नेली' म्हणून. तू तिकडं, आणि मुकादम माझ्या दारात."

टोळी जमवणारा आणि कारखान्यावर नेणारा तो मुकादम. त्याच्याशी वैर घेऊन या भागात वसतिगृह चालत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून तर जास्त संताप झाला. मी म्हटलं, सकाळी श्रीगोंद्याला जायचं. मित्र दाराबाहेरूनच म्हणाला, "बेअरिंगचं काय?"

"बेअरिंग गेलंय का खरंच?"

"न्हाई."

सकाळी तिघंही निघालो. नगर मागं पडलं, आणि पुढं दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आमच्या पाथर्डीकडून आलं की ती हिरवाई डोळ्यांना बरी वाटते. मला त्या दिवशी वाटली नाही. रस्त्याच्या कडेला वनखात्याचा फलक होता, बिबट्याचं चित्र, 'एकटे फिरू नका, मुलांना एकटे सोडू नका.' मित्रानं गाडी हळू केली नाही, पण गाणं बंद केलं.

"हिकडं जनावर लई झालंय," तो म्हणाला. "उसातच जन्मतंय, उसातच वाढतंय. मागल्या आठवड्यात कोप्यांमधनं वासरू नेलं. दिवसा."

गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या बायांचे व्हिडिओ मी तिकडं मोबाईलवर बघितले होते. तिकडच्या मैत्रिणींना दाखवले होते, त्यांना वाटलं होतं की गंमत आहे. गाडीत मला एकच दिसत होतं. बांधावर झोळी, झोळीत बाळ, आणि झोळीशेजारी तेरा वर्षांची पोर, पाठ उसाकडं करून.

कोप्या म्हणजे ताडपत्री आणि पाचटाच्या, उसाच्या वाळल्या पानांच्या, झोपड्या. सगळ्या रिकाम्या होत्या. एक बाई तापानं पडून होती. ती म्हणाली, "समदी फडावर हाईत. चारीच्या कडंकडंनी जावा." मी विचारलं, पोरं? "पोरंबी तकडंच. हितं कोन बघनार? वासरू हितनंच नेलं की."

फड म्हणजे तोड चालू असलेलं शेत. आम्ही पाण्याच्या चारीच्या कडेनं गेलो. मित्रानं जीप चारीलगत, बाभळीच्या सावलीत लावली. शेत जवळजवळ मोकळं झालं होतं. सगळीकडं पाचट, आणि मधोमध उसाची एक पट्टी उभी, एखाद्या घराएवढी रुंद. टोळी पलीकडच्या अंगाला गोळा झाली होती. काही जण पाणी पीत होते. एकाच्या हातात तेलाचा रिकामा डबा होता.

मुकादम आम्हाला बघून हात हलवत धावतच आला. "गाडी काढा तिथनं! ओ! काढा म्हनतो ना!"

आता मला या माणसांचा अनुभव आहे. आम्ही कुठंही गेलो की पहिला शब्द हाच असतो, गाडी काढा. मी खाली उतरले आणि भांडायला लागले. म्हटलं, का काढू? चारीचा रस्ता तुमच्या मालकीचा आहे? इथं लहान पोरांना कामाला जुंपलंय हे दिसेल म्हणून? कायदा सांगितला. चांगला खणखणीत आवाजात सांगितला. मैत्रीण माझा दंड ओढत होती, "ऐक ना, ते काय सांगताहेत ते ऐक."

"म्याडम," मुकादम कपाळाला हात लावून म्हणाला, "कायदा मंग सांगा. तुमची गाडी जनावराच्या वाटंत हाय."

मग कळलं. ऊस चारी बाजूंनी तोडत आणला की आत जे काही असेल ते सरकत सरकत शेवटच्या पट्टीत येतं. कोल्हं, डुक्कर, काहीही. म्हणून शेवटची पट्टी तोडायच्या आधी टोळी थांबते. एका बाजूला सगळे उभे राहतात, डबे वाजवतात, आरडतात, आणि समोरची बाजू मोकळी सोडतात. त्या बाजूला माणूस नको, गाडी नको, कुत्रं नको. आतल्यानं त्या वाटेनं निघून जावं. वाट बंद दिसली तर ते फिरून माणसांवर येतं. आम्ही बरोबर त्या वाटेवर जीप लावली होती आणि मी तिथंच उभी राहून कायदा सांगत होते.

"बरं," मी म्हटलं. "काढतो."

तेवढ्यात पलीकडून एक बाई ओरडली. आधी थोरलीच्या नावानं, मग नुसतंच. बांधावरच्या लिंबाला झोळी बांधलेली होती. ती हवेवर हलत होती, हलकी. आत काही नव्हतं.

थोरलीची आई. कोयता हातातच. ती झोळीपाशी गेली, झोळी चाचपली, जणू कापडात बाळ कुठंतरी सापडेल. मग दुसरी एक बाई म्हणाली, "आत्ता हितं हुती की. गाडी आली तवा उठून उभी राहिली. पोराला काखंला मारलं आन्..." तिनं हातानं दाखवलं. पट्टीकडं.

डबेवाल्यानं डबा हळूच खाली ठेवला, आवाज न करता. त्याचं ते हळू ठेवणं मला अजून दिसतं.

आई पट्टीच्या काठाशी जाऊन हाका मारायला लागली. "ये गं बाहीर. ये माजे बाय. कोन न्हाई." आतून काही नाही. वारा होता, पानं सळसळत होती, आणि प्रत्येक सळसळ मला त्याच जनावराची वाटत होती. बाप आत शिरायला निघाला तर मुकादमानं त्याला कंबरेला धरलं. "तू हिकडनं घुसलास तर जे काय आसंल ते तिच्याकडं सरकंल. डोकं हाय का?" डबे वाजवता येत नव्हते. आत जाता येत नव्हतं. आत खरंच काही आहे का, तेही कुणाला माहीत नव्हतं. बाळ रडत का नाही, हा विचार माझ्या मनात आला. मी पाचटावर खाली बसले.

"का पण?" मी मैत्रिणीला म्हणाले. "गाडी बघून उसात का शिरेल? ती मला ओळखते."

मैत्रीण रडत होती. "ओळखते म्हणूनच," ती म्हणाली. "दिवाळीत आईबाप तिला न्यायला आले तेव्हा मी लई अडवलं. शेवटी तिला भीती घातली. म्हटलं, तू गेलीस आणि इंग्लंडच्या ताईंना कळलं तर त्या तुम्हा दोघींचे पैसे बंद करतील. धाकटीलाही घरी काढतील. मला वाटलं, त्या भीतीनं तरी राहील."

मी दोन वर्षं लांबून ज्या पोरीसाठी जीव टाकत होते, तिला बिबट्यापेक्षा मी भयानक वाटत होते. हे मी शांतपणे लिहितेय. तेव्हा शांत नव्हते. मैत्रिणीला मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग उठले आणि पट्टीकडं तोंड करून ओरडले. "मी काही बंद करणार नाही! ऐकतेस ना? बाहेर ये!"

आत पानं हलली, आणि ती हालचाल लांब गेली. माझ्यापासून लांब.

थोरलीची आई माझ्याकडं आली. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमी जावा. तुमी गेल्याबिगर ती निघायची न्हाई. गाडीचा आवाज तिला ऐकू जाऊ द्या."

"मी अशी कशी जाऊ?"

"मंग हितं बसा आन् तिला तितं बसवा."

मी जीपमध्ये जाऊन बसले. मित्रानं गाडी चालू केली, उगाच रेस दिली, आवाज मोठा व्हावा म्हणून. आम्ही चारीच्या रस्त्यानं निघालो. मागं बघू नकोस, तो म्हणाला. मी आरशात बघत होते आणि आरशात नुसती धूळ होती. वळणापलीकडं त्यानं गाडी बंद केली. शांतता झाली. आयुष्यात मी मोर्च्यात लाठ्या बघितल्यात, पोलीस ठाण्यात बसलेय, परक्या देशात तापानं एकटी पडलेय. त्या वळणापलीकडच्या शांततेसारखं काहीच नव्हतं. एखादी किंकाळी येईल म्हणून मी कान देत होते आणि येऊ नये म्हणून ओठ दाताखाली धरून बसले होते. मित्र, ज्याच्या तोंडाला कधी खीळ नसते, तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता.

मग डबे वाजले. एकदम, सगळे. आरडाओरडा, शिट्ट्या.

मित्रानं डोकं उचललं. "निघाली," तो म्हणाला. "निघाल्याबिगर डबं वाजवायचं न्हाईत."

आम्ही चारीच्या वळणाशी उभं राहून बघितलं. मोकळ्या बाजूनं उसातून एक रानमांजर निघालं. जरा थांबलं, आमच्याकडं बघितलं आणि पाचटावरून पळालं. टोळीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "ह्यो काय रे तुमचा वाघ! ह्याला दूध घाला!" मीही हसले.

थोरलीला भेटले ते कोपीपाशी, ऊन कलल्यावर. अंगभर उसाच्या पानांचे ओरखडे, गालावर रक्ताची बारीक रेघ. बाळ तिच्या काखेत, हातात उसाचं कांडं चोखत. उसात ते रडू नये म्हणून तिनं तेच त्याच्या तोंडात दिलं होतं. मी जवळ गेले तशी ती आईच्या मागं सरकली. मी जमिनीवर बसले, लांबच.

"धाकटीला काढनार का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मॅडम म्हनल्या हुत्या."

"मॅडम चुकल्या."

तिला ते पटलं नाही. मोठी माणसं चुकतात आणि मग पुन्हा बरोबर होतात, हे तिनं पुष्कळ बघितलेलं असणार. ती म्हणाली, "तिला फोन लावा. तिलाच सांगा. माज्यासमोर."

मी फोन लावला. वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशींनी धाकटीला बोलावलं. मी स्पीकर लावून म्हटलं, तुझी शाळा चालू राहणार, ताई आली तरी, नाही आली तरी, कुणीही काही म्हटलं तरी. धाकटी म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "ताई उठली का?" अजून तेच खोटं सांभाळत होती बिचारी. थोरलीनं फोन ओढून घेतला. "आगं उठले, उठले," म्हणाली आणि हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं. मला बरं वाटलं नाही. हे हसू मिळायला आधी तिला माझ्या भीतीनं उसात शिरावं लागलं होतं.

मग मी मूळ गोष्टीवर आले. म्हटलं, हिला आजच घेऊन जातो.

आई चुलीत पाचट सारत होती. वर न बघता म्हणाली, "न्या की. लई झाक हुईल. आन् ह्येला कोन बघंल? म्हातारीला डाक्टर आजून सोडीना. तुमी बघता का?"

कोपीतल्या बाया फिदीफिदी हसल्या. एक म्हणाली, "बघतील की! इंग्रजीत अंगाई म्हनतील!"

"बघते," मी म्हणाले.

हसू थांबलं. मैत्रीण म्हणाली, "येडी झालीस का? तुझं विमान?"

"आहे त्याला अजून वेळ. आजी येईपर्यंत बघते. आजीला दवाखान्यातून यानं आणायचं." मी मित्राकडं बोट केलं. मित्रानं मान हलवली, विनोद न करता. मला वाटत होतं, मी धाडसाचं काहीतरी बोलतेय. आईनं मला नीट बघून घेतलं, पायातल्या बुटांपासून. "त्याला खाली ठेवायचं न्हाई," एवढंच म्हणाली. "झोपलं तरीबी."

थोरली संध्याकाळीच गेली. जीपमध्ये बसताना तिनं बाळाला माझ्याकडं दिलं आणि पुन्हा घेतलं, आणि पुन्हा दिलं. बाळानं रडून सगळ्या कोप्या डोक्यावर घेतल्या.

दुसऱ्या दिवशी टोळी शेजारच्या फडात लागली. तो नुकताच तोडायला घेतलेला, त्यामुळं समोर नुसती उसाची भिंत. मी बांधावर, बाळ मांडीवर. झोळी लिंबाला बांधून दिली होती, पण मी त्याला तीत घातलं नाही. पाठ कुठं करायची हेच मला कळेना. उसाकडं केली तर मान आपोआप वळायची. तोंड उसाकडं केलं तर पानांच्या काळोखात दोन डोळे दिसायला लागायचे, ते नसले तरी. बाळ झोपलं, जड झालं, हाताला रग लागली. लघवीला जायचं होतं, गेले नाही. थोरली असं दिवाळीपासून बसत होती. मी सकाळपासून बसले होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

टोळीत आई सगळ्यांच्या पुढं तोडत होती. ऊस बुंध्याला छाटायचा, शेंड्याचं वाढं उडवायचं, मागं टाकायचा. हात थांबत नव्हता. पण थोड्या थोड्या वेळानं तिची मान वर व्हायची, बांधाकडं वळायची, आणि खाली जायची. सकाळभर मला ते कळलंच नव्हतं. कळल्यावर, तिची मान वर झाली की मी बाळाला जरा उंच धरायला लागले, तिला दिसावं म्हणून.